सहाशे सत्त्याहत्तरचं शून्य

सर्व्हर बसला तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते आणि मी नळाखाली जेवणाचा डबा विसळत होतो. मागे वळून बघायचीही गरज नव्हती. दारात कोण असणार ते मला माहीत होतं. चपला बाहेर काढून, वही छातीशी धरून उद्धव काचगुंडे उभा होता, आणि तोंड असं केलेलं, जणू मशीन त्यानेच लाथ मारून पाडली.

"सर, परत गेली," तो म्हणाला.

"कितव्या केसला?"

"दोनशे चौदा झाली. पंधरावीला गेली."

आदल्या दिवशी तो दोनशे अकरावर होता. म्हणजे अख्ख्या दिवसाच्या मेहनतीत तीन केसेस. आणि एकूण होत्या अकराशे चाळीस. मी डबा पालथा घातला, हात पँटला पुसले आणि त्याला म्हणालो, ये बाबा, बस.

मी व्यंकट टेकाळे. तेव्हा आमच्या विद्यापीठाच्या गणित विभागाची संगणक प्रयोगशाळा माझ्याकडे होती. प्रयोगशाळा म्हणजे बावीस संगणक, एक कुरकुरणारा एसी, आणि कोपऱ्यात काचेच्या खोलीत तो एक मोठा सर्व्हर. नऊ वर्षं मी ते सगळं सांभाळत होतो आणि नऊही वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. दर वर्षी बारावा महिना घरी बसायचं आणि मग पुन्हा नवा गडी असल्यासारखं रुजू व्हायचं. त्या वर्षी मात्र मला कायम करायची फाइल खरोखरच हलली होती. विभागप्रमुख कंधारकर सरांची शिफारस तिला लागली होती. घरात बायको सोडून कोणाला मी ते सांगितलं नव्हतं. सांगितलं की होत नाही, अशी माझी एक खुळी समजूत.

उद्धव चौतीस वर्षांचा. अहमदपूरकडचा. सकाळी दोन कॉलेजांत तासिकेवर शिकवायचा, दुपारी एसटीने इकडे यायचा आणि प्रयोगशाळा बंद होईपर्यंत बसायचा. सहा वर्षं पीएचडी चालली होती. एकदा मुदतवाढ झाली, दुसऱ्यांदा झाली, आणि आता एकतीस मार्चला प्रबंध आत गेला नाही तर नोंदणी रद्द. सहा वर्षांवर पाणी. वर एका कॉलेजात कायम जागेची मुलाखत होऊन बसलेली, डिग्री आणा आणि रुजू व्हा, असं त्यांनी तोंडावर सांगितलेलं. आणि त्या दिवशी तारीख काय, तर नऊ मार्च.

त्याचं गणित मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. काही समीकरणं होती, त्यांत एक अक्षर होतं, ट. त्या समीकरणांतून शेवटी एक राशी निघायची. त्याच्या मार्गदर्शक माहूरकर बाईंचं पंधरा वर्षांपासूनचं म्हणणं असं, की ट कितीही असू द्या, शेवटच्या उत्तरात तो उरतच नाही, वाटेत कुठेतरी गळून पडतो. बाईंनी कागदावर सगळं आवळत आवळत अकराशे चाळीस केसेसपर्यंत आणून ठेवलं होतं. त्या तेवढ्या संगणकावर तपासायच्या. प्रत्येक केसच्या शेवटी संगणक बघायचा, उत्तरात ट उरलाय का. नसला उरला तर शून्य छापायचा. अकराशे चाळीस शून्यं आली की बाईंचं म्हणणं सिद्ध आणि उद्धव डॉक्टर.

माहूरकर बाई म्हणजे आमच्या विभागातलं एक प्रकरणच होतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, पांढरी साडी, खडूने भरलेली बोटं, आणि शिस्त अशी की आधीची पायरी झाल्याशिवाय पुढचीकडे मान वळवायची नाही. उद्धवलाही त्यांनी बजावलं होतं, केसेस क्रमानेच. मध्येच उडी मारून पुढच्या सोप्या तपासायच्या नाहीत. आणि नेमक्या मधल्या दोन-तीनशे केसेस राक्षसासारख्या होत्या. सहाशेच्या पुढे पुन्हा लहान लहान. मी एकदा म्हणालो होतो, अरे, त्या पुढच्या तरी उरकून घे. तर म्हणाला, नाही सर, बाईंना नाही चालायचं. तो त्यांना सख्ख्या आईपेक्षा जास्त मानायचा. त्यांचं मूलबाळ नव्हतं आणि त्याही त्याला डब्यातली भाजी वाढायच्या. विभागात बाकी कोणाला त्यांनी कधी पाणी विचारलेलं मला आठवत नाही.

आता आजार काय, तर मेमरी. संगणकाची मेमरी म्हणजे त्याचं कामाचं टेबल. काम चालू असताना कागद त्यावर पसरायचे, झालं की उचलायचे. आमच्या सर्व्हरला बत्तीस जीबीचं टेबल होतं, त्या काळात ते काही लहान नव्हतं. पण उद्धवचं काम सुरू झालं की ते भरतच जायचं. आठ, पंधरा, बावीस, एकतीस. मग सर्व्हर जागच्या जागी गुदमरायचा आणि त्याचं काम मारून टाकायचा.

मी आधी सगळ्यांवर संशय घेतला. व्हायरस शोधला. एमएस्सीच्या पोरांनी सर्व्हरवर ठेवलेले सिनेमे उडवले, तर ती पोरं आठवडाभर माझ्याशी बोलेनात. मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून पुन्हा बसवल्या. काही फरक नाही. त्या दिवशी मात्र उद्धवचं तोंड बघून मला माझाच राग आला. नऊ वर्षं या खोलीत काढली आणि एक मशीन का बसते ते मला सांगता येऊ नये?

मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून दार लावून बसलो. त्याची फाइल मी उघडलीच नाही. ती गणितं बघून मला काय कळणार होतं? तो ज्या गणिताच्या सॉफ्टवेअरवर केसेस लावायचा, त्यालाच मी एक साधं काम दिलं. मोठी यादी बनव, टाकून दे. पुन्हा बनव, पुन्हा टाकून दे. शंभर वेळा. टाकून दिलेली यादी टेबलावरून गेली पाहिजे की नाही? नव्हती जात. मेमरीचा आकडा पायऱ्या चढल्यासारखा चढत होता. म्हणजे दोष उद्धवच्या गणितात नव्हता. हे सॉफ्टवेअरच काहीतरी धरून बसत होतं.

मग ते जाडजूड मॅन्युअल काढलं. दुपारी दोनच्या सुमाराला, शेवटून दुसऱ्या प्रकरणात, एका लहान टाइपातल्या परिच्छेदात मला ते सापडलं. हे सॉफ्टवेअर दिलेल्या प्रत्येक ओळीचं उत्तर नंबर घालून जपून ठेवतं. कायमचं. का, तर पुढे कधी तुम्हाला मागचं उत्तर लागलं तर असावं. हे नको असेल तर एक ओळ लिहा, म्हणजे मागचं काहीच ठेवलं जाणार नाही. आणि त्याखाली एक वाक्य होतं, की असं केल्यास मागच्या उत्तरांचा उल्लेख करता येणार नाही.

ते वाक्य मी वाचलं. वाचलं नाही असं नाही. मनात म्हणालो, मागची उत्तरं कोण कशाला मागतंय, पुढचीच येईनात. आणि पान उलटलं.

ती ओळ मी सर्व्हरच्या सामायिक सेटिंगमध्ये टाकली, म्हणजे जो कोणी ते सॉफ्टवेअर उघडेल त्याला आपोआप लागू. खरं तर सामायिक सेटिंगमध्ये हात घालायचा तर बदलाच्या वहीत लिहायचं आणि विभागप्रमुखांची सही घ्यायची, असा नियम होता. कंधारकर सर आठवडाभर मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते. आठवडा कोणाकडे होता? म्हटलं, आले की लिहू. मग माझी ती शंभर याद्यांची चाचणी पुन्हा लावली. आकडा नऊशे एमबीवर गेला आणि तिथेच थांबला. पाच मिनिटं मी त्याच्याकडे टक लावून बघत बसलो. हलेना. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे मी बायकोला तोंडावर सांगितलंय.

उद्धव चारच्या एसटीने आला. मी काही न बोलता त्याला खुर्चीत बसवलं आणि दोनशे पंधरापासून काम सुरू करायला लावलं. केस सरली, दोनशे सोळा सरली, आकडा आपला हजाराच्या आत. तो माझ्याकडे बघायला लागला. काय केलं सर, म्हणाला. दोनदा विचारलं त्याने. मी म्हणालो, तू गणित बघ, मशीन माझ्यावर सोड. खरं कारण असं, की मला ते गुपित ठेवायला फार आवडलं होतं. उभ्या विभागात गणितवाल्यांनी मला तारा जोडणारा माणूस समजावं आणि आज त्यांच्यातला एक माझ्याकडे देव बघितल्यासारखं बघत होता. ते एवढ्यात संपू द्यावंसं वाटेना.

बारा दिवस लागतील असा त्याचा हिशेब होता. दीड दिवसात सगळं संपलं. अकराशे चाळीस केसेस, अकराशे चाळीस शून्यं. इतक्या लवकर कसं झालं म्हणून तो जरा चरकला होता, मीच त्याला समजावलं की ओझं उतरलं की वेग वाढतोच. त्याला पटलं. मलाही पटलं होतं. तो धावत बाईंकडे गेला आणि बाई पहिल्यांदा, त्या नऊ वर्षांत पहिल्यांदा, माझ्या प्रयोगशाळेत आल्या. मला म्हणाल्या, "टेकाळे, तुमचे उपकार मी विसरणार नाही." त्यांच्या हातात पेढ्याचा पुडा होता.

एकोणतीस मार्चला प्रबंध आत गेला.

नोव्हेंबरात बाहेरगावच्या परीक्षकांचा अहवाल आला. दोन पानांचा होता म्हणे, पण कळायला त्यातलं एक वाक्य पुरे होतं. परीक्षकांनी नमुना म्हणून शेवटच्या लहान केसेसपैकी सहाशे सत्त्याहत्तर क्रमांकाची केस स्वतः तपासली होती. उत्तरात ट उरत होता. प्रबंधात मात्र तिथे शून्य छापलेलं होतं.

बाईंनी तो अहवाल कोणाला दाखवला नाही. घरी जाऊन स्वतःच्या संगणकावर ती केस लावली. ट उरला. मग उद्धवला घरी बोलावून त्याच्याच हाताने लावून घेतली. पुन्हा उरला. मग त्यांनी त्याला विचारलं, की प्रबंधात शून्य कुठून आलं? त्याने विभागातल्या सर्व्हरवरचा छापील कागद दाखवला, त्यावर शून्य होतं. पण कागद काय, कोणीही टाइप करून छापू शकतो. पंधरा वर्षं जपलेलं म्हणणं खोटं निघालं याचं दुःख बाईंनी गिळलं असतं, असं मला आजही वाटतं. गणितात असं होतं, त्यांना ते माहीत होतं. पण आपल्या हातचं खाल्लेल्या मुलाने मुदत गाठायला एक खोटं शून्य घातलं, हे त्यांना गिळवेना. त्यांनी स्वतःच लेखी कळवलं आणि चौकशी समिती बसली. कंधारकर सर, स्वतः बाई, आणि रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक. गुरुवारी अकरा वाजता समिती प्रयोगशाळेत येणार, तीच केस त्याच सर्व्हरवर सगळ्यांसमोर लावून बघणार, आणि टेकाळेंनी यंत्रणा तयार ठेवावी, असं मला पत्र आलं.

बुधवारी दुपारी मी ती तयार ठेवायला बसलो. उद्धवची फाइल त्या दिवशी मी पहिल्यांदा उघडली. सहाशे सत्त्याहत्तर लावली, शून्य आलं. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, पोरगं खरं बोलतंय, परीक्षकाचंच काहीतरी चुकलंय. मग सहज म्हणून त्या केसच्या नऊ ओळी वाचल्या.

बाई फळ्यावर लांबलचक गणित कधी पुन्हा उतरून काढायच्या नाहीत. एक ओळ संपली की खाली लिहायच्या 'वरील उत्तरावरून' आणि पुढे जायच्या. त्यांचे सगळे विद्यार्थी तसंच लिहायचे. उद्धवनेही संगणकासाठी अगदी तसंच लिहिलं होतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये मागच्या उत्तरासाठी एक खूण आहे. नऊपैकी आठ ओळी त्याच खुणेने सुरू होत होत्या. मागचं उत्तर घे, त्याला अमुक कर. मागचं घे, तमुक कर. आणि शेवटी, मागचं घे, त्यात ट आहे का बघ.

आणि मागचं उत्तर तर मी ठेवूच दिलं नव्हतं.

ते सॉफ्टवेअर अशा वेळी ओरडत नाही. मागचं उत्तर नसलं तर ते नुसतं रिकामं नाव घेऊन पुढे जातं. रिकाम्या नावात ट कुठून असणार? शून्य. कुठलीही केस घाला, शून्य. पहिल्या दोनशे चौदा तेवढ्या खऱ्या होत्या. उरलेली नऊशे सव्वीस शून्यं उद्धवची नव्हती, माझी होती. म्हणूनच बारा दिवसांचं काम दीड दिवसात झालं होतं. काम झालंच नव्हतं.

मी ती ओळ सेटिंगमधून काढली आणि केस पुन्हा लावली. उत्तरात ट उरला. ओळ परत टाकली. शून्य. परत काढली. ट.

खिडकीतून समोरची कडुनिंबाची रांग दिसत होती आणि एमएस्सीची पोरं खाली चहा पीत उभी होती. साधा सरळ मार्ग समोर होता. उद्या समितीपुढे हे दोनदा करून दाखवायचं. ओळ घातली की शून्य, काढली की ट. पाच मिनिटांचं काम. उद्धव खोटारडा नाही, हे तिथल्या तिथे सिद्ध. प्रबंध तरीही नापास झाला असता, पण चूक म्हणून. सुधारून आणायला त्याला वेळ मिळाला असता. बाईंनीच भांडून मिळवून दिला असता.

आणि मग कंधारकर सरांनी बदलाची वही मागितली असती. मार्च महिन्याचं पान कोरं. ना नोंद, ना सही. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरचा माणूस, सामायिक सेटिंगमध्ये परस्पर हात घालतो, कोणाला सांगत नाही, विभागाची अब्रू देशभर जाते. माझी फाइल त्याच आठवड्यात सरांच्या टेबलावर सहीला होती. बायकोने देवापुढे नवस बोलून ठेवला होता.

मी ओळ परत टाकली नाही. काढलेलीच ठेवली आणि मशीन बंद करून घरी गेलो. जेवलो. झोपही लागली, हे मी लपवत नाही.

गुरुवारी अकराला सगळे आले. उद्धव इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. समितीतले तिघे खुर्च्यांवर, तो उभा. त्याने मला नमस्कार केला आणि हळूच म्हणाला, "सर, तुमच्या मशीनवर शून्यच येतं, तुम्ही बघितलंय." मी मान हलवली. कशाला हलवली ते मला सांगता येणार नाही.

कंधारकर सर म्हणाले, लावा. मी लावली. सात-आठ मिनिटं गेली असतील. मग पडद्यावर उत्तर आलं, लांबलचक, चार ओळींचं, आणि त्यात ट सहा ठिकाणी होता. उद्धव पुढे झुकून ते वाचत राहिला. ओठ हलत होते त्याचे. पुन्हा लावता का सर, म्हणाला. मी पुन्हा लावली. पुन्हा तेच.

सरांनी मला विचारलं, "मार्चपासून आजपर्यंत या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये काही बदल केला आहे?"

"नाही सर," मी म्हणालो.

त्यांनी वही मागितली, पानं चाळली, रसायनशास्त्राच्या सरांना दाखवली आणि मिटून माझ्याकडे दिली. उद्धव एकदम माझ्याकडे वळला. त्याला ते आठवलं असणार. मी मेमरीवर काहीतरी इलाज केला होता, हे त्याला माहीत होतं. फक्त काय केलं, ते मीच त्याला सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, की टेकाळे सरांनी तेव्हा मेमरीचं काहीतरी केलं होतं. मी म्हणालो, पट्ट्या काढून पुसून बसवल्या होत्या सर. ते खरंच होतं. मी पट्ट्या पुसल्याच होत्या.

बाईंनी तोवर एकदाही वर बघितलं नव्हतं. आता बघितलं.

"बाई, मी नाही केलं," उद्धव म्हणाला.

"मग कोणी केलं?" बाईंनी विचारलं.

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या खरोखर विचारत होत्या, उत्तर मिळावं म्हणून. माझा हात कीबोर्डवर होता. उद्धवने खाली बघितलं.

प्रबंध फेटाळला, नोंदणी रद्द झाली, आणि शेऱ्यात 'निष्कर्षांची खोटी नोंद' असं लिहिलं गेलं. तो शेरा दोन्ही कॉलेजांत पोचला आणि त्याचे तास गेले. कायम जागा तर आधीच दुसऱ्याला दिली होती. बाईंनी उरलेलं वर्ष कसंबसं काढलं. त्यांनी नवा विद्यार्थी घेतला नाही आणि डबा एकट्याच खोलीत दार लोटून खायच्या. जानेवारीत माझी कायमची ऑर्डर निघाली. बायकोने नवस फेडला.

अडीच वर्षांनी मी घर बांधायला काढलं. फरशी बघायला बायकोला घेऊन लातूर रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेलो, तर काउंटरच्या पलीकडून उद्धव उठून उभा राहिला. त्याच्या मेव्हण्याचं दुकान होतं ते. केस कानावर पांढरे झाले होते, पण तोंडभर हसला. सर, या सर, वहिनी, बसा. खुर्च्या पुसल्या. मला पळून जावंसं वाटत होतं आणि बायको रंग निवडत होती.

खोल्यांची मापं सांगितली तेव्हा त्याने कागद घेतलाच नाही. नुसतं डोळे बारीक करून, कोपऱ्यात कापल्या जाणाऱ्या आणि फुटणाऱ्या फरश्या धरून, किती पेट्या लागतील ते सांगून टाकलं. बायको म्हणाली, अगबाई, केवढं डोकं आहे यांचं. तो लाजला. टेम्पो भरायला लागला तेव्हा तो माझ्यासोबत बाहेर आला आणि सावलीत उभा राहिला. बराच वेळ पायाने माती सारत होता.

"सर, एक विचारू? रागावणार नाहीत ना?"

"विचार की."

"ते सहाशे सत्त्याहत्तरचं शून्य. मीच टाइप केलं असेल का हो?"

तो खाली बघत बोलत राहिला. त्या महिन्यात झोप नव्हती सर, म्हणाला. सकाळी दोन कॉलेज, मग एसटी, मग इथं. प्रबंध फेटाळल्यावर वर्षभर तो रोज त्या नऊ ओळी कागदावर सोडवायचा आणि रोज ट उरायचा. मशीन कशी खोटं बोलंल? बाई कशा खोटं बोलतील? मग उरतं कोण? आणि आता तर त्याला ते दिसायला लागलं होतं. आपण खुर्चीत बसलोय, पडद्यावर चार ओळींचं उत्तर आहे, आपण इकडेतिकडे बघतो, ते खोडतो आणि शून्य दाबतो. "बोटं दिसतात सर मला माझी," तो म्हणाला. "मग मला कळेना, की हे झालेलं आठवतंय का मी रचतोय. तुम्ही तिथं होता. तुम्हालाच माहीत असणार."

आता मी कायम होतो. माझं कोणी काही वाकडं करू शकत नव्हतं. कंधारकर सर निवृत्त झाले होते, तो सर्व्हर भंगारात गेला होता, आणि एवढ्याशा सावलीत आम्ही दोघंच होतो. फक्त तोंड उघडायचं होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला एकच दिसलं, की सांगितलं तर याला काय काय कळेल. डिग्री, नोकरी, बाई, ही अडीच वर्षं, आणि समितीसमोर माझी ती हललेली मान. बायको टेम्पोपाशी पेट्या मोजत होती.

"असेल, उद्धव," मी म्हणालो. "माणूस थकला की होतं असं."

त्याने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले त्याचे. खरं सांगतो, त्याला बरं वाटलं. हो ना सर, मलाही तेच वाटत होतं, म्हणाला. मग म्हणाला, की येत्या रविवारी तो बाईंकडे जाऊन येणार. दोन वर्षं तो त्यांच्याकडे आपण नाही केलं, आपण नाही केलं, म्हणून पत्रं पाठवत होता आणि बाई एकाचंही उत्तर देत नव्हत्या. आता जाऊन कबूल करून टाकतो. तेवढं तरी त्यांना खरं सांगितल्यासारखं होईल.

त्याने टेम्पोवाल्याला पेट्या सावकाश उतरवायला सांगितल्या आणि मला पुन्हा नमस्कार केला.

रविवारी तो गेला. विभागातल्या लिपिकबाई माहूरकर बाईंच्याच गल्लीत राहायच्या, त्यांच्याकडून मला सोमवारी कळलं. दोघं बराच वेळ ओसरीवर बसली होती आणि बाईंनी त्याला जेवायला वाढलं. बाईंनी त्याला माफ केलं.